मेणवलीचा वाडा, धोमचं देऊळ आणि लिंबची विहीर : कृष्णाकाठचा वीकेंड

शुक्रवार

पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या बहुतेकांचं वाई म्हणजे ढोल्या गणपतीला हात जोडायचे, मिसळ खायची आणि पसरणी घाट चढायला लागायचं. पण वाईच्या आजूबाजूला दहा-बारा किलोमीटरमध्ये कृष्णेच्या काठावर पेशवाईतली जी बांधकामं आहेत ती बघायला दोन दिवस काढले तरी कमीच पडतात, आणि त्यातलं मेणवली तर एवढंसं गाव, एक मुख्य रस्ता, थोडी शेती, नदी, आणि त्या नदीला लागून नाना फडणवीसांचा सहा चौकी वाडा. ह्या वेळी ठरवलंच होतं की वर घाटात जायचंच नाही. सोबत बाबा आणि आत्या. बाबांनी आयुष्यभर सुतारकाम केलं, त्यामुळे त्यांना घेऊन जुनी वास्तू बघायची म्हणजे प्रत्येक खांबाला पाच मिनिटं धरून चालायचं.

खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला वळलो की दोन्ही बाजूला ऊस आणि हळद. जानेवारी असल्यामुळे हळदीची पानं पिवळी पडून वाळायला लागली होती, काही ठिकाणी काढणी सुरू झाली होती. वाईत पोचायला दुपार झाली, जेवलो आणि ऊन उतरल्यावर घाटावर गेलो.

वाईचे घाट आळीआळीप्रमाणे आहेत, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. प्रत्येक आळीचा आपापला कृष्णाबाईचा उत्सव असतो. गणपती आळीचं देऊळ, म्हणजेच ढोल्या गणपती, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं, आणि शेजारचं काशीविश्वेश्वराचं आनंदराव भिकाजी रास्त्यांनी त्याच्या आधी, १७५७ मध्ये. हे रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांचं माहेर, त्यामुळे वाईत पैसा आणि कारागीर दोन्ही कसे आले ते लगेच कळतं.

सगळे समोरून दर्शन घेऊन निघून जातात, आम्ही देवळाच्या मागे गेलो. गणपती नदीच्या अगदी पात्राशी बसलाय, पूर आला की पाणी थेट देवळावर येणार, म्हणून मागची भिंत सरळ न बांधता माशाच्या आकारासारखी निमुळती काढलीये. पाण्याचा लोंढा त्या टोकावर येऊन दोन्हीकडे फाटतो आणि बाजूने निघून जातो, भिंतीला समोरून धडक बसत नाही. अडीचशेपेक्षा जास्त पावसाळे काढलेत ह्या भिंतीने. बाबा तिथे बराच वेळ दगडाचे सांधे बघत उभे होते, "नदीशी भांडायचं नाही, तिला वाट करून द्यायची" एवढंच म्हणाले आणि पुढे चालायला लागले. मला वाटतं आतली मूर्ती जेवढी लोकांना माहित्ये तेवढीच ही मागची भिंत माहीत असायला हवी, पण तिथे कोणी फिरकत पण नाही.

काशीविश्वेश्वराच्या देवळातला नंदी काळ्याभोर गुळगुळीत दगडाचा, गळ्यातल्या माळा, घुंगरं, पाठीवरची झूल सगळं कोरलेलं. आत्या म्हणाली बाळंतविड्यातल्या भरतकामाइतकं बारीक काम आहे हे. अंधार पडेपर्यंत तिथेच बसलो.

शनिवार

आजचा सगळा दिवस मेणवलीचा. वाईपासून गाव तीनेक किलोमीटर, रिक्षा मिळते पण आम्ही गाडी घेऊन गेलो आणि गावाच्या तोंडाशीच लावली कारण आत बोळ अरुंद आहेत. गावात जुनी घरं अजून आहेत, खाली दगडाचं जोतं, वर विटा नाहीतर मातीची भिंत, कौलारू छप्पर, दाराशी ओटा. बरीचशी पाडून स्लॅब टाकलेत आणि त्यात काही चूक नाही, राहणाऱ्याला गळणारं छप्पर नको असतं. पण जी उरलीत त्यांची जोती बघा, वाड्याच्या जोत्याला जसा काळा घडीव दगड आहे तसाच दगड साध्या घराला पण लावलाय, फक्त थर कमी.

आता थोडं मागचं. १७६८ मध्ये औंधचे भवानराव त्रिंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली गाव नाना फडणवीसांना इनाम दिलं. नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, जन्म साताऱ्यातला, १७४२ चा. पानिपतातून वाचून आलेले, पुढे बारभाईचं कारस्थान, सवाई माधवरावांच्या काळात सगळा कारभार हातात. एवढा माणूस, पण गाव मिळाल्यावर त्यांनी आधी काय केलं तर नदीला घाट, देवळं आणि राहायला वाडा. वाडा १७८० च्या आसपास पुरा झाला. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेल्यावर पुण्यात जी उलथापालथ झाली त्यात नाना पुणं सोडून इकडे वाईच्या बाजूला आले होते, तेव्हा हा वाडा नुसता हवापालटासाठी नव्हता, पाठीशी असलेला आसरा होता.

वाड्याची बाहेरची भिंत बघितली की ते जाणवतंच. खाली काळ्या दगडाचे थर, वर वीटकाम, खालच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नाहीत. मोठा दरवाजा, त्यातच माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. आत आलं की देवडी, म्हणजे पहारेकऱ्यांची जागा, आणि मग पहिला चौक. बाहेर एवढं कडक ऊन आणि चौकात आल्यावर चारही बाजूंच्या ओसरीत गारवा. सगळ्या खोल्या चौकाकडे तोंड करून, उजेड चौकातून, वारा चौकातून, पावसाचं पाणी पण चौकात पडून वाहून जाणार. असे सहा चौक एकामागे एक, एकाला लागून एक, बाहेरच्या माणसाला पहिल्या चौकापर्यंत प्रवेश, कामकाजाच्या लोकांना त्याच्या आत, घरच्यांचं त्याहून आत. आपल्याकडे वाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर राजवाडा येतो, पण हे खरं तर ऑफिस आणि घर एकत्र आहे. इथे कारकून बसायचे, कागद लिहिले जायचे, हिशोब व्हायचे.

आणि कागद म्हणजे किती, तर मेणवली दप्तर म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना जे माहीत आहे ते इथलंच. नानांची पत्रं, बातमीपत्रं, हिशोब. इतिहास संशोधक द. ब. पारसनीस यांनी ते मिळवलं, साताऱ्याच्या त्यांच्या संग्रहात होतं आणि तिथून पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात आलं. पेशवाईच्या उत्तरार्धाबद्दल आपण जे वाचतो त्यातलं बरंच ह्या खोल्यांमध्ये गुंडाळून ठेवलेल्या रुमालांमधून, म्हणजे कागदांच्या कापडी गाठोड्यांमधून, आलंय. मला हे वाड्यात उभं राहून आठवलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण कागद टिकायला कोरडी जागा लागते, आणि नदी तर मागच्या दारात आहे.

ती कोरडी कशी ठेवली हे बाबांनी दाखवलं. ओसरीवरचे सागवानी खांब जमिनीतून वर आलेले नाहीतच, प्रत्येक खांबाखाली एक दगडी तळखडा आहे, चौकोनी, वर थोडं कोरीव काम, आणि खांब त्याच्यावर उभा. बाबा खाली उकिडवे बसले आणि मला पण बसवलं. "हे बघ गं, लाकूड कुठे संपतं आणि दगड कुठे सुरू होतो ते." ओल जमिनीतून वर चढते ती दगडातच अडते, लाकडाच्या बुडाला पाणी लागत नाही, आणि लाकूड कुजतं ते नेहमी बुडातून कुजतं. खांब सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत गेलेला, डोक्यावर दोन्ही बाजूंना पसरलेले हस्त, त्याच्यावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट, ह्याला कडीपाट म्हणतात. त्याच्यावर मातीचा जाड थर, तोच वरच्या मजल्याची जमीन. त्या मातीमुळेच खाली गार राहतं. सांध्यांना लोखंड जवळजवळ नाही. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला कूस, आत बसवायचं आणि आरपार लाकडाची खुंटी ठोकायची. बाबांनी एका खुंटीवर अंगठा फिरवला, ती आजूबाजूच्या लाकडाच्या पातळीत अशी मिळून गेलीये की नखाला पण लागत नाही. ते म्हणाले लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, खिळा असता तर गंजून लाकूड फाडलं असतं, खुंटी मात्र लाकडाबरोबरच फुगते आणि आकसते. चाळीस वर्षं त्यांनी प्लायवूड आणि स्क्रूचं काम केलं, घर त्यावरच चाललं, पण हा सांधा बघताना त्यांचा चेहरा जो काही होता तो मी विसरणार नाही.

वाड्यात भिंतीवर रंगवलेली चित्रं पण आहेत. काही ठिकाणी रंग अजून ताजे वाटतात, काही ठिकाणी पोपडे धरलेत. चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली, लाल, हिरवा, पिवळा असे मोजकेच रंग. वरच्या मजल्यावरची सगळी दारं उघडी नसतात, वाडा अजून फडणीस घराण्याकडेच आहे, खाजगी मालमत्ता आहे, थोडकं तिकीट घेतात आणि जे दाखवतात ते नीट दाखवतात. तिथल्या काकांशी बोलणं झालं. ते म्हणाले येणारे निम्मे लोक पहिला प्रश्न कुठल्या पिक्चरचं शूटिंग कुठे झालं हाच विचारतात, आणि मग त्या जागेवर फोटो काढून परत जातात. इथे बरीच हिंदी शूटिंग झालीत हे खरंय, त्यामुळे गावात चार पैसे आले हेही खरं. मी त्यांना विचारलं देखभालीतलं सगळ्यात अवघड काय, मला वाटलं चित्रं म्हणतील नाहीतर लाकूडकाम. ते म्हणाले, "कौलं ओ ताई. माकडं नाचली की कौल सरकतं, सरकलं की तिथून धार लागते, आणि धार लागली की खालची कडी गेली. दर पावसाळ्याआधी माणूस वर चढवून कौलं चाळून घ्यावी लागतात. एक वर्ष चुकलं तर दहा वर्षांचं नुकसान." हे खरं जतन. त्याला मोठी योजना लागत नाही, मे महिन्यात वर चढणारा एक माणूस लागतो आणि त्याची मजुरी लागते, आणि तीच बहुतेक वाड्यांना मिळत नाही म्हणून ते बसतात.

भिंतींवर नावं कोरून ठेवणाऱ्यांबद्दल काय बोलायचं. तळखड्यांपर्यंत कोणी सोडलेलं नाहीये. खूप राग येतो.

मागच्या दाराने बाहेर पडलं की थेट घाट. ह्याच्यासाठी मी मेणवलीला परत परत जायला तयार आहे. कृष्णा इथे वळण घेते आणि त्या वळणाला धरून घाट चंद्रकोरीसारखा बांधलाय, पायऱ्या वरून खाली पाण्यात उतरत गेलेल्या, त्यामुळे नदी भरलेली असो की आटलेली, पाय ठेवायला पायरी आहेच. घाटावर विष्णूचं देऊळ आणि मेणेश्वर महादेवाचं देऊळ, खालचं बांधकाम काळ्या दगडात आणि वर शिखर विटा-चुन्यातलं. पेशवाईत हेच सगळीकडे दिसतं, दगड तिथे लावायचा जिथे पाणी आणि वजन आहे, वरती वजन कमी हवं म्हणून वीट, आणि विटेवर चुन्यात नक्षी करता येते ती वेगळीच.

मेणेश्वराजवळ एक छोटी दगडी घुमटी आहे आणि तिच्यात मोठी घंटा टांगलीये. ती इथली नाहीच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन आले आणि त्या महाराष्ट्रात वेगवेगळ्या देवळांत लागल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, आणि ही मेणवलीची. पंचधातूची, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास सांगतात, आणि अंगावर १७०७ साल आहे. बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती पण आहे, जवळ जाऊन नीट बघितलं की दिसते. आत्या बराच वेळ ते चित्र शोधत होती, सापडल्यावर तिने हात जोडले. शिवाच्या दारात मेरी, आणि गावाला त्यात काही विशेष वाटत नाही, मला हे फार आवडलं. घंटा विजयाची खूण म्हणून आली असेल पण इथे एवढी वर्षं टिकलीये ती गावाने सांभाळल्यामुळे.

घाटावर दोन बायका गोधड्या धूत होत्या. आत्या त्यांच्याशी बोलत बसली, त्यांच्या सासवा पण ह्याच पायरीवर धुवायच्या म्हणे. पायरीच्या कडा अशा गोल झाल्यात की कुठली पायरी वापरातली आणि कुठली नाही ते हाताने कळतं. एकच गोष्ट खटकते, प्लास्टिक. निर्माल्य पिशवीसकट नदीत टाकायचं काय कारण असतं ते मला कळत नाही, फुलं ठेवायला घाटावर किती जागा आहे.

रविवार

सकाळी लवकर धोम. वाईपासून आठेक किलोमीटर, धरणाच्या अलीकडे गाव. धौम्य ऋषींच्या नावावरून धोम असं सांगतात. नरसिंहाचं देऊळ उंच चौथऱ्यावर, आणि महादेवाच्या समोरचा नंदी हा तिथला सगळ्यात सुंदर प्रकार. कमळाच्या पाकळ्यांसारखा कडा असलेलं दगडी कुंड, त्यात भलं मोठं कासव, कासवाच्या पाठीवर नंदी आणि नंदीवर छत्री. कुंडात पाणी भरलं की कासवाचं अंग पाण्यात जातं आणि ते नंदीला घेऊन पोहतंय असं दिसतं. आम्ही गेलो तेव्हा कुंड कोरडं होतं, त्यामुळे तो देखावा नाही मिळाला पण कासवाचे पाय आणि पाकळ्या तळापर्यंत बघता आल्या. धोमला फार वेळ नाही दिला कारण दुपारच्या आत लिंबला पोचायचं होतं.

लिंब साताऱ्याच्या अलीकडे, हायवेवरून आत वळायचं, दोनतीन किलोमीटर. बारा मोटेची विहीर असा बोर्ड आहे. ही विहीर बाकी दोन्हींपेक्षा जुनी, शाहू महाराजांच्या काळातली, विरूबाई भोसले यांनी बांधलेली, शके १६४१ ते १६४६ म्हणजे १७१९ ते १७२४, तसा शिलालेखच आहे तिथे. खोली ११० फूट आणि व्यास ५० फूट सांगतात. वरून बघितलं तर अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेला लांबट भाग, मिळून शिवलिंगासारखा आकार.

पण विहीर म्हणून वाकून बघायला जाल तर जे दिसेल त्याची कल्पनाच येत नाही. रुंद पायऱ्या उतरत जायचं, कमानीतून आत, आणि विहिरीच्या पोटात चक्क एक महाल आहे. खांब, खांबांवर गणपती, मारुती, हत्ती, घोडेस्वार असं कोरीवकाम, आणि भिंतींवर शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी. महालातून अष्टकोनी विहिरीकडे उघडणारी जागा आहे, तिथे बसलं की खाली पाणी आणि पाण्यावरून येणारा वारा. बाहेर डोकं तापत होतं आणि आत आत्याने पदर लपेटून घेतला.

मला मात्र वरचा भाग जास्त आवडला, विहिरीच्या काठावरचा. बारा मोटा एका वेळी चालायच्या, त्यांच्या जागा दगडात पक्क्या बांधलेल्या आहेत. मोट माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, चामड्याची मोठी पखाल, नाड्याला बांधून खाली सोडायची, भरली की बैलजोडी धावेवरून उतारावर पुढे जाते, मोट वर येते आणि थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत, रिकामी होते, तिथून पाटाने पाणी शेतात. बैल उतारावर चालतात म्हणजे त्यांचं स्वतःचं वजन पण ओढायला कामी येतं. आता डोळ्यापुढे आणा, बारा मोटा, बारा बैलजोड्या, बारा मोटकरी, आणि सगळ्यांची पाणी पडायची वेळ वेगवेगळी, म्हणजे पाटात पाणी सतत वाहतं. हे पाणी आमराईला जायचं, तीन हजारांवर झाडं होती असं सांगतात. बाबांच्या आजोबांकडे मोट होती, बाबांनी लहानपणी ती बघितलीये, त्यांनी तिथे आम्हाला धाव कुठून कुठपर्यंत असेल ते चालून दाखवलं. दोन कॉलेजची मुलं सेल्फी काढत होती ती पण फोन खिशात घालून ऐकायला आली, मग त्यातल्या एकाने विचारलं की काका रिकामी मोट परत खाली कशी जायची, आणि बाबांनी बैल उलटे पावलांनी मागे कसे यायचे ते सुद्धा करून दाखवलं.

राजघराण्यातल्या बाईने एवढा पैसा घालून विहीर बांधली आणि ती आमराईसाठी, शेतीसाठी. मला ह्याचं फार कौतुक वाटतं. देवळं बांधणाऱ्यांची नावं सगळ्यांना माहीत असतात, विरूबाईंचं नाव साताऱ्याबाहेर किती जणांना माहित्ये? लिंबला आलात तर तिथला शिलालेख वाचल्याशिवाय जाऊ नका.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. पुण्याहून वाई दोन-अडीच तास, स्वारगेटवरून एसटी आहेत. मेणवलीला सकाळी जा, दुपारी चौकात ऊन सरळ येतं आणि फोटो पांढरे पडतात, शिवाय ग्रुप यायला लागतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी चांगलं. पावसाळ्यात लिंबच्या पायऱ्यांना शेवाळ येतं, वयस्कर माणसं असतील तर नको, आणि विहिरीच्या काठाला लहान मुलांना एकटं सोडू नका. वाड्यात जे काका असतील त्यांना दहा मिनिटं द्या, कौलांचं विचारा. आम्ही परत मे मध्ये जाणार आहोत, कौलं चाळायचं काम तेव्हा चालतं आणि बाबांना ते वर चढून बघायचंय.